हातोडीच्या घरचं कोणी आहे का?

८ जानेवारी

ताई,

सप्रेम सलाम. अडीच महिन्यांत हे दुसरंच पत्र, म्हणून तुझं तोंड फुगलं असणार. फुगू दे. आधी एक घोटाळा ऐक.

इथे गारठा पडलाय. पेटीच्या तळातली जाड पँट काढली, निघताना घातली होती तीच. खिशात हात घातला तर माझा बिल्ला! पत्र्याचा, हातोडीच्या चित्राचा. माझ्या खोलीत दोघं आहेत, एक पेंटर आणि एक गॅस कटरवाला. पेंटर म्हणाला, "हे काय, कुत्र्याच्या गळ्यातलं?" त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. म्हटलं, बाबा, आमच्या चर्चच्या दाराशी एक फळी आहे. फळीला खुंट्या. एक खुंटी शास्त्रवाचनाची, एक झाडलोटीची, एक घंटेची, एक फुलांची. प्रत्येक मोठ्या माणसाचा एक बिल्ला. जुन्या लोकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून बिल्ल्यावर नाव नाही, धंद्याचं चित्र. दर आठवड्याला घंटेवाले काका बिल्ले एकेक खुंटी पुढे सरकवतात. ज्याची वाचनाची पाळी, त्याच्या हातात शनिवारी बिल्ला देतात, त्याने तो रविवारी परत लावायचा. तो गावाला गेला असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी वाचायचं. गॅस कटरवाला म्हणतो, "आणि वाचायचं नसलं तर?" म्हटलं, तशी खुंटी नाही.

तर मी त्या शनिवारी ट्रकमध्ये बसलो आणि मंडळीची वाचनाची पाळी खिशात घालून दोन दिवसांच्या वाटेवर निघून आलो. काका माझ्या नावाने शंख करत असतील.

काम बरं आहे. शेड मोठी आहे, गेटं आणि जिने बनवतो. आधी नुसतं घासायला द्यायचे, आता मुकादम वेल्डिंगला हात लावू देतो. दोनदा मनात आलं सोडून जावं, पण गेलो नाही. लिहून ठेव कुठेतरी.

रविवारी तुला कोण उचलतं? पायऱ्या तीनच, पण तिसरी हलकट आहे, माहीत असलेल्याच माणसाला उचलायला सांग.

तुझा,
भिंगरी


२१ जानेवारी

प्रिय भिंगरी,

सलाम. तोंड फुगलं नव्हतं. फुगवायला वेळ नाही, शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. दीडशे शर्ट, प्रत्येकाला सात काजं. हिशेब तू कर, मला काजं करायची आहेत.

बिल्ला सापडला ते बरं झालं. तुझ्यामुळे वाचनाची खुंटी रिकामी पडली आहे आणि काका ती पुढे सरकवायला तयार नाहीत. "बिल्ला हलल्याशिवाय पाळी हलत नाही," एवढंच बोलतात. पाळकसाहेब बिचारे दर रविवारी स्वतःच वाचतात. पण घाईघाईने पाठवू नकोस. बिल्ला आला की पाळी तुझी, आणि मी शुक्रवारी संध्याकाळी बसवून पाठ करून घ्यायला तू इथे नाहीस. पुस्तक उघडं धरून, मान डोलावून, मध्येच बोट फिरवून जो काही अभिनय करायचास, तो टपालाने पाठवता येत नाही.

माझी काळजी सोड. चार जण असतात उचलायला. मी माझ्या कोपऱ्यात बसते, मागच्या घड्याळाखाली, नेहमीसारखी. गेल्या रविवारी गाणी छान झाली.

जेवण वेळेवर करत जा. डोळ्यांवर काच न धरता वेल्डिंग करू नकोस.

ताई


४ फेब्रुवारी

ताई,

घड्याळाखाली बसतेस काय? काल ड्रायव्हरमामा लोखंड घेऊन इथे शेडमध्ये आला. एवढ्या लांबून आपला माणूस आला म्हणून मी त्याला चहा पाजला, तुझी चौकशी केली. तो कप खाली ठेवून म्हणाला, "अरे, तुझी ताई बरी आहे ना? नाताळाच्या आधीपासून चर्चमध्ये दिसली नाही. तिच्या कोपऱ्यात तर गीतपुस्तकांचं कपाट ठेवलंय."

कपाट!

तू कपाटात बसून गाणी ऐकलीस का? मला मूर्ख समजतेस? बाकीच्यांनी समजलं तर चालतं, सवय आहे. तू नाही.

मी रागाच्या भरात पाळकसाहेबांना पत्र टाकलंय. लिहिलं की मंडळीत एवढी धडधाकट माणसं असून एका बाईला तीन पायऱ्या चढवता येत नाहीत, तर मग हात कशाला जोडता. मुकादमालाही सांगितलंय की मी जातो. तो म्हणाला, जा, पण हातातलं गेट पुरं करून जा. गेट पंधरा दिवसांत होईल. तोवर खरं काय ते लिही, नाहीतर मी दारात येऊन उभा राहीन.

भिंगरी


१४ फेब्रुवारी

भिंगरी,

येऊ नकोस. याच भीतीने खोटं लिहिलं होतं. सोळाव्या वर्षापासून तू मला पाठुंगळी घेऊन त्या पायऱ्या चढलास. पहिल्यांदाच कुठेतरी टिकलास, आणि माझ्या वजनाने परत खेचला जाऊ नयेस असं वाटलं. पण खोटं ते खोटं. चुकले.

आणि पाळकसाहेबांना असं लिहायला नको होतं. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता. कोणी उचलायला नाही म्हटलं नाही रे. चौघं उचलायचे, हौसेने उचलायचे. तेच तर.

तुझ्या पाठीवर मी बहीण होते. त्या चौघांच्या मध्ये मी सामान असते. चार कोपऱ्यांना चार माणसं, "सांभाळून, सांभाळून" म्हणत निघालेली, मागे सगळी मंडळी उभी. जिवंतपणीच अंत्ययात्रा काढल्यासारखं वाटतं. नोव्हेंबरात एकदा खुर्ची कलली. मी पडले नाही, पण झगा गुडघ्याच्या वर गेला आणि सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मंडळीच्या पंचांनी ठरवलं, ताईंना त्रास नको, आपणच मंगळवारी घरी जाऊन प्रार्थना करू. येतात, गातात, माझ्या पायांसाठी प्रार्थना करतात. डोळ्यांत पाणी आणून करतात. भांडणारी माणसं असती तर भांडले असते, या मायाळू माणसांशी कसं भांडायचं ते मला येत नाही. मी चहा करते.

आणि फळीवर माझा बिल्ला कधी नव्हताच, हे तुझ्या कधी लक्षात आलं का? माझ्या बरोबरीच्या सगळ्यांना सोळाव्या वर्षी मिळाले. मला म्हणाले, हिला कशाला पाळीची दगदग.

असो. गेट पुरं कर. आणि तिथेच राहा.

ताई


१ मार्च

ताई,

राहतो. पण पायऱ्यांचं मी बघून घेतो.

तू काही बोलू नकोस, मी सगळं ठरवलंय. लोखंडी उतार बनवतो. पहिल्यांदा सहा फुटांचा बनवला. चाचणीसाठी माल वाहायच्या ट्रॉलीत पेंटरला बसवलं, म्हटलं, तू माझी ताई. तो म्हणाला, "मग मला शिव्या देता येतील का?" मी खालून ढकललं. अर्ध्यावर माझा दम संपला, ट्रॉली उलटी सुटली आणि ताई थेट भुश्शाच्या ढिगात. शेडमधली सगळी पोरं पोट धरून हसली. मुकादम मात्र हसला नाही. त्याने येऊन विचारलं, "उंची किती?"

म्हटलं, साडेएकोणीस इंच.

"मोजलीस कधी?"

मोजली नाही. पण दहा वर्षं चढलोय. पहिली पायरी सहा इंच, दुसरी सहा, आणि तिसरी साडेसात, म्हणून तर तिथे नेहमी पाय अडखळायचा. नडगीवर तिचा वण आहे. माझ्या गुडघ्यांना सगळं पाठ आहे. मुकादम म्हणाला, "एक इंच चढायला एक फूट लांबी दे, म्हणजे तुझी बहीण स्वतःच्या हाताने चढेल." साडेएकोणीस फूट झाले. साडेसहा साडेसहाचे तीन तुकडे, बोल्टाने जोडायचे. वर खरबरीत पत्रा, ओला झाला तरी चाक घसरणार नाही. दोन्ही बाजूंना कठडा. लोखंड शेडमधलं उरलंसुरलं, मुकादमाने घे म्हणून सांगितलं. रविवारी काम बंद असतं तेव्हा करतो. पेंटर फुकट रंगवून देणार आहे. बदल्यात म्हणतो, ताईला सांग तिच्या जागी मी पडलो होतो.

ड्रायव्हरमामाच्या ट्रकमधून पाठवीन. त्याच पिशवीत माझा बिल्लाही पाठवतो. उगीच काकांच्या जिवाला घोर नको.

आता तू आत जाशील. मग सगळं मिटलं.

भिंगरी


११ मे

प्रिय भिंगरी,

उतार आला. शनिवारी ड्रायव्हरमामा आणि सुतारभाऊंनी जोडला. सुतारभाऊ पट्टी घेऊनच आले होते, म्हणाले, वेल्डिंगवाल्या पोराच्या अंदाजावर कोण विश्वास ठेवणार, खाली फळकुट द्यावं लागेल. लावून बघितलं, फळकुट लागलं नाही. ते बराच वेळ वाकून फटीत बघत राहिले आणि मग एवढंच म्हणाले, "पोरगं कामाचं झालं."

रविवारी मी एकटी चढले. कोणाचा हात नाही. मध्ये एकदा थांबले, दमले म्हणून नाही, थांबता येतं का ते बघायला. येतं. तुझ्या पेंटरला सांग, रंग सुंदर आहे, आणि मी पडले नाही.

वर पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहा महिन्यांनी दारातून आत आल्याबद्दल टाळ्या. चालायचंच. कपाट हलवलं होतं, मी घड्याळाखाली बसले. पहिलं गाणं संपेपर्यंत मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू.

मग वाचनाची वेळ झाली. काकांनी सकाळीच तुझा बिल्ला खुंटीला लावला होता. पाळकसाहेबांनी फळीकडे बघितलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "हातोडी गावाला आहे. हातोडीच्या घरचं कोणी आहे का?"

घरात दोघंच आपण. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही चाकांना हात घातला होता रे. मग सगळ्यांनी समोर पाहिलं, वाचनाच्या उंच मेजाकडे. ते व्यासपीठावर आहे. व्यासपीठाला दोन पायऱ्या आहेत.

मग मास्तर उठले, मायेनेच उठले, म्हणाले, "राहू द्या, ताईंच्या वतीने मी वाचतो." वाचलंही चांगलं. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मी चाकांवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

तुझ्या उताराला नावं ठेवत नाही. तो एक इंचानेही चुकलेला नाही. पण तू लिहिलंस, आत जाशील, मग सगळं मिटलं. आत जाणं एवढंच मला हवं होतं असं तुला का वाटलं? मला वाचायचं होतं. दहा वर्षं मी तुझ्याकडून पाठ करून घेतलं आणि घड्याळाखाली बसून माझेच थांबे, माझाच चढउतार तुझ्या तोंडून ऐकले. लोक तुझी पाठ थोपटायचे. मला तुझा हेवा वाटायचा. लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

शर्ट पुरे झाले. आता विजारी आहेत.

ताई


२३ मे

ताई,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस कामात लक्ष नव्हतं. एक जिना उलटा जोडला. मुकादमाने विचारलं, काय झालं? मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाहेरच्या तीन पायऱ्या इंचाइंचाने लक्षात, आणि आतल्या दोन विसरलास?"

हेच मला खात होतं. मग कळलं. त्या आतल्या पायऱ्यांवर मी तुला कधी नेलंच नाही. एकटाच चढायचो, मोकळ्या पाठीने. म्हणून माझ्या गुडघ्यांना त्या आठवल्याच नाहीत. तुला मागे घड्याळाखाली ठेवायचो, आणि तुझं पाठ केलेलं घेऊन वर जायचो.

आता आणखी एक ऐक, एवढं लिहिलंच आहे तर. मी त्या शनिवारीच का निघालो? ट्रक सोमवारीही होता. त्या शुक्रवारी तू म्हणाली होतीस, या वेळी पाठ करून देणार नाही, पान समोर ठेवून वाच, येतं तुला. एकटा असलो की अक्षरं जुळवत वाचतो, पण सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं म्हटल्यावर मला घाम फुटला. लोक म्हणतात याच्या पायाला भिंगरी आहे. ताई, मी भिंगरी म्हणून नाही गेलो. घाबरून गेलो. आधीच्या नोकऱ्या सोडल्या त्याही तशाच, जिथे कोणी कागद पुढे केला की मी दुसऱ्या दिवशी पसार. इथेही मुकादमाने मोजमापांची वही दिली तेव्हा जाणार होतो. पण पत्रं लिहून लिहून हात बसलाय, म्हणून राहिलो.

तर मी आज पाळकसाहेबांना सगळं कळवलंय. की मी दहा वर्षं वाचलंच नाही. की वाचणारी माझी बहीण होती, मी नुसता तोंड हलवत होतो. की माझा बिल्ला खरं तर तिचा आहे. तू चिडशील. पण माझी लाज झाकायला तुझी पाळी जात असेल तर मला ती लाज नको. एवढं मोठं वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं, दोनदा वाचून बघितलं, बरोबर आहे.

व्यासपीठाला उतार बसेल का? त्या पायऱ्यांची उंची कोणाला तरी मोजायला सांग. या वेळी पट्टीने.

भिंगरी


१२ जून

प्रिय मुला,

प्रभूमध्ये सलाम. तुझी दोन पत्रं माझ्या टेबलावर आहेत. पहिलं मला झोंबलं, दुसऱ्याने ओशाळलो. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काही तरी घडल्यावरच लिहावं असं ठरवलं होतं.

तुझं वाचन पाठ केलेलं आहे हे मला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी तू एक अध्याय फार सुंदर म्हटलास, आणि मी मागून पाहिलं तर पान भलतंच उघडं होतं. मी गप्प राहिलो. वाटलं, पोराची अब्रू राखतोय. त्यामागे दुसऱ्या कोणाची पाळी बुडते आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ही चूक तुझ्याहून माझी मोठी.

आता घडलेलं सांगतो. व्यासपीठाच्या उताराबद्दल पंचांच्या दोन बैठका झाल्या. पायऱ्या दोन, उंची चौदा इंच, म्हणजे चौदा फूट उतार हवा, आणि समोर जागा सात फूट. मास्तरांनी नकाशा काढला, सुतारभाऊंनी तो खोडला. कोणी म्हणालं, पहिले दोन बाक काढा. कोणी म्हणालं, ताईंनी खालून, आपल्या जागेवरूनच वाचावं. यावर ताई म्हणाल्या, "चालेल, पण मग सगळ्यांनी आपापल्या जागेवरून वाचा." मी म्हटलं, ते मेज तरी खाली आणता आलं असतं, पण ते जमिनीत पक्कं बसवलेलं आहे. चाळीस वर्षं तिथेच आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

घंटेवाले काका दाराशी झाडू घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "कोणी सांगितलं पक्कं आहे?"

आम्ही म्हटलं, म्हणजे?

"मी दर शनिवारी सरकवतो की. खालचा कचरा काढायला." आणि ते वर गेले, मेज कमरेला लावलं, दोन पायऱ्या उतरले आणि पहिल्या बाकासमोर आणून ठेवलं. आम्ही नऊ जण बघत होतो. मी म्हटलं, काका, इतके दिवस बोलला का नाहीत? तर म्हणाले, "मला बैठकीला कोण बोलावतं?"

पुढच्या बैठकीला त्यांना बोलावलं आहे.

मेज उभ्या माणसाच्या उंचीचं होतं. सुतारभाऊंनी खालून कापलं, ताईंना बसून पान दिसेल इतकं. आता ते कायम खालीच राहील आणि प्रत्येक जण तिथे बसून वाचेल. मास्तर सहा फुटांचे आहेत, त्यांना स्टुलावर बसवलं तर गुडघे हनुवटीला लागतात. तक्रार करत होते. ताई म्हणाल्या, "सवय होईल, मास्तर. मला झाली."

बाकीचं त्याच तुला लिहितील. मी फक्त एवढंच सांगतो की पहिल्या पत्रातला तुझा प्रश्न, हात कशाला जोडता, मी विसरलेलो नाही.

तुझा पाळक


२० जून

प्रिय भिंगरी,

आधी चिडले होते, ते सांगून टाकते. तू पाळकसाहेबांना कळवलंस हे समजलं तेव्हा मी तुझ्या नावाने दोन विजारींच्या शिवणी उसवल्या. मग पुन्हा घातल्या. त्या घालता घालता राग गेला.

गेल्या रविवारी मी वाचलं.

पाठ कोणता आला असेल? वंशावळ! नुसती नावं. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, पान भरून. हा पाठ आला की मंडळी खोकायला लागतात. पाळकसाहेब शनिवारी घरी आले, म्हणाले, "ताई, पहिलीच वेळ आहे, बदलून देऊ का? पांगळे उठून चालले असा एखादा छान पाठ आहे." मी म्हटलं, साहेब, पाळीला जो येईल तोच. तो छान पाठ मास्तरांना द्या, स्टुलावरून उठताना त्यांनाच उपयोगी पडेल. ते इतके हसले की चहा बशीत सांडला.

एकही नाव गाळलं नाही. एकदाही अडले नाही. निम्म्यावर आले तेव्हा खोकणं थांबलेलं लक्षात आलं. वर बघितलं तर आपली शेजारची काकू बोटांवर पिढ्या मोजत होती. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, "आता गीत," आणि सगळ्यांनी पुस्तकं उघडली. भिंगरी, त्या वेळी मला जे वाटलं ना, ते कसं सांगू. छातीवरचं जातं कोणीतरी उचलून बाजूला ठेवावं आणि आपल्या कामाला निघून जावं, तसं.

आणि ऐक, बिल्ला! तुझी हातोडी काकांनी मेपासून हलवलीच नव्हती, तिच्यावर मी वाचलं, पण काका म्हणाले, आता हिचा वेगळा हवा. चित्र कशाचं काढायचं? पंचांपैकी एक जण म्हणाले, चाक काढा, ओळखायला सोपं. मी म्हटलं, चाक खुर्चीचं आहे, मी शिवणकाम करते. मग बटण ठरलं. काका खूश, सगळ्यांत सोपं, एक गोल आणि चार भोकं. खिळ्याने ठोकून दहा मिनिटांत दिलं. तुझ्या हातोडीला तास लागला होता म्हणे.

वाचून झालं, बिल्ला पुढच्या खुंटीवर गेला. पुढची खुंटी कोणती ते तुला ठाऊकच आहे. झाडलोट. काकू लगेच धावली, "अगं, तू कशी झाडणार, राहू दे, मी झाडते." काकांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला आखूड दांड्याचा झाडू आणून दिला आणि म्हणाले, "बाकाखालचं नीट काढ. सगळे तिथेच टाळाटाळ करतात."

काल शनिवारी झाडलं. बाकाखालचंही. मी खुर्चीवर बसते म्हणून बाकाखाली मला सगळ्यांपेक्षा चांगलं दिसतं. तिथे काय काय सापडलं सांगू? मास्तरांचा चष्मा, तीन गोळ्या, आणि तू आठ वर्षांचा असताना हरवलेला लाकडी भोवरा, शेवटच्या बाकाच्या पायामागे. कोळ्याची जाळी अडकली होती, पण आर शाबूत आहे.

काजं करून बोटं दुखतात, झाडू धरून कंबर. मजेत आहे.

ताई


३ जुलै

ताई,

तुझं पत्र मी पेंटरला आणि गॅस कटरवाल्याला वाचून दाखवलं. मी वाचलं. पाठ न करता, तुझं अक्षर समोर धरून. तीन ठिकाणी अडकलो, "वंशावळ"ला तर पेंटरने "दम घे, दम घे" म्हणून आधार दिला. पण पुरं केलं. गॅस कटरवाल्याने विचारलं, ती झाडणार ते खरंच का? म्हटलं, तशी सूट द्यायची खुंटी नाही. मुकादम दारात उभा राहून ऐकत होता, मला माहीत नव्हतं. जाताना मोजमापांची वही माझ्या पेटीवर ठेवून गेला.

मी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय, पंधरा दिवसांसाठी. सोडून नाही, रजा घेऊन. मुकादमाने लिहून दिलीय आणि मी खाली सही केलीय, आधी वाचून. काकांना विचार, त्या सुमाराला हातोडी कोणत्या खुंटीवर येते. वाचनाच्या खुंटीवर आली तर सरकवू नका म्हणावं. पाठही करून देऊ नकोस. मी बसून वाचीन. अडखळलो तर अडखळू दे, तू मागून शब्द सांगू नकोस. फारच अडकलो तर सांग.

भोवरा जपून ठेव.

आणि एक. आधी तू पायऱ्यांपाशी माझी वाट बघत थांबायचीस, मी येऊन उचलीपर्यंत, ऊन असलं तरी. या वेळी थांबू नकोस. ट्रक उशिरा पोचेल, मी धूळ झटकत येईन. घंटा झाली की तू आपली आत जा.

मी मागून येतो.

भिंगरी